लाईट गेल्यावर उरलेले शब्द

बाई समोरच्याच्या तोंडाकडे बघून कधी बोलल्या नाहीत. त्या डोळ्यांकडे बघायच्या, आणि समोरचा काही वाचत असेल तर विचारूच नका. मानवतच्या स्टँडवर कुणी पेपर उघडला की बाई आपली जागा सोडून त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि मान तिरपी करून, पेपरच्या वरच्या कडेवरून त्याच्या बुबुळांवर नजर लावायच्या. एकदा अशाच एका गृहस्थाच्या बायकोनं त्यांना हटकलं. कसल्याशा स्पर्धेला आम्ही पोरं बाईंबरोबर निघालो होतो, आणि मी त्यांची पिशवी धरून शेजारीच उभा होतो.

"बाई, आमच्या मालकाकडं काय बघायलात कवाच्या?"

"मालकाकडं न्हाई. त्यांच्या डोळ्याकडं."

"डोळे येगळे हायेत का त्यांचे?"

"तेच बघायले. तिसऱ्या ओळीवरून सारखे मागं यायलेत. एक तर बातमीत काही तरी खोट हाय, न्हाई तर चष्मा बदलायला झालाय."

गृहस्थांनी पेपर घडी करून पिशवीत कोंबला. त्यांची बायको मात्र बाईंना चिकटून बसली आणि एसटी लागेपर्यंत मागे लागली होती, "माझे बी बघा की. मला वाचता येत न्हाई, पर बघा."

बाई आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. एरवी मानवतहून एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. पण वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्याच वस्तीत एक खोली घेऊन राहायच्या. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. एक जण वाचतो, वस्ती ऐकते. बाईंना त्यातली एकही संध्याकाळ चुकवायची नसायची, आणि त्या नुसत्या ऐकायलाच यायच्या असं कुणी समजू नये. पहिल्या रांगेत, वाचणाऱ्याच्या अगदी पुढ्यात त्या बसायच्या. वस्ती डोळे मिटून ऐकायची, बाई डोळे उघडे ठेवून.

गाव त्यांना डोळेबाई म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं. "म्हणा," म्हणायच्या, "चपटीबाई, जाडीबाई म्हणण्यापेक्षा बरं हाय."

त्यांच्या पेपरातल्या भोकाचं सांगितलं पाहिजे. जुन्या पेपरच्या पानाला त्या मधोमध हरभऱ्याएवढं भोक पाडायच्या आणि पान पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून लावायच्या. पोरानं या बाजूनं वाचायचं, आणि बाई पलीकडून भोकाला डोळा लावून त्याचे डोळे बघणार. वर्गात एक एक करून सगळ्यांची पाळी यायची. वापरलेली पानं रद्दीत जायची आणि शाळेसमोरच्या हॉटेलवाल्याची तक्रार असायची, "तुमच्या कागदात भजे बांधले की एक भजं गिऱ्हाइकाकडं बघत बसतंय."

या भोकातून त्यांनी जे शोधलं ते त्या आम्हाला अभ्यासक्रमाच्या आधी शिकवायच्या. आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून बैलगाडीसारखा सरळ चालतो. तसं नाही. तो कोंबडीसारखा जातो. टिप, थांब. टिप, थांब. थांबला की दिसतं, आणि उडीत असतो तेवढा वेळ डोळा आंधळा. लहान शब्दांवरून तो ढांग टाकून जातो, नव्या शब्दावर टेकतो, आणि अर्थ लागला नाही तर माघारी येतो. या माघारी येण्याबद्दल बाई फार हळव्या होत्या. कुणी पोरगं वाचता वाचता मागच्या शब्दावर आलं आणि वर्ग हसला, की त्या हसणाऱ्याला उभं करायच्या. "मागं येणारा डोळा मठ्ठ न्हाई. त्याला काही तरी खटकलंय म्हणून आलाय. तुझा कवा आलता का?"

एकदा त्यांनी वर्गात आरसा फिरवला. स्वतःच्या डाव्या बुबुळाकडे बघा, मग उजव्याकडे बघा, आणि डोळा हलताना पकडून दाखवा. पकडेल त्याला गुळाचा खडा. डोळे गरगरेपर्यंत आम्ही बघितलं. एका टोकाला स्थिर डोळा दिसतो, दुसऱ्या टोकाला स्थिर डोळा दिसतो, मधला प्रवास कुणाला दिसत नाही. पोरांनी हा खेळ घरी नेला. काही दिवस वस्तीतल्या बाया भाकरी थापायच्या आधी आरशापुढे उभ्या. न्हाव्याच्या दुकानात तर दाढीला बसलेला माणूस उठेना. गुळाचा खडा तसाच बाईंच्या टेबलावर राहिला, शेवटी मुंग्यांनी नेला.

"खुद्दचा डोळा हलताना खुद्दला दिसत न्हाई," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याला दिसतो. म्हणून मी बघत असते."

पुढे मोठेपणी कुठेतरी माझ्या वाचनात आलं, की पानाला भोक पाडून वाचणाऱ्याचे डोळे बघायची युक्ती पूर्वी परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही केली होती. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्या बी घरी पेपरवरून भांडण झालं आसंल." एवढंच. मला मात्र पुढचा आठवडाभर परभणीत भेटेल त्याला ते सांगत सुटावंसं वाटत होतं, आणि मी सांगितलंही.

आता पल्ला. हा बाईंचाच शब्द. मोठ्यानं वाचताना तोंड एका शब्दावर असतं आणि डोळा तोवर पुढे गेलेला असतो. किती पुढे, तो पल्ला. तो मोजायचं साधन बाईंना वीज मंडळानं फुकट दिलं होतं. आमच्याकडे लाईट जायला वेळकाळ नसायचा. विहारात वाचन चाललंय, बल्ब विझला, तरी वाचणाऱ्याच्या तोंडून आणखी तीन-चार शब्द बाहेर पडायचे आणि मग तो गप्प व्हायचा. ते तीन-चार शब्द म्हणजे डोळ्यानं आधीच उचलून ठेवलेले. अंधारात बाईंचा आवाज यायचा, "चार." लोक हसायचे, कुणी तरी कंदील आणायला उठायचं. पोरांनी तर त्याचा खेळच केला. एक वाचतोय, दुसरा खाडकन पानावर हात ठेवून ओरडणार, "पल्ला!" ज्याचे शब्द जास्त उरले तो जिंकला.

मी या खेळात कधी उतरलो नाही.

इथवर लिहायला सोपं होतं. मी रेडिओवर जिल्ह्याच्या बातम्या वाचतो, वर्षं झाली. लोक आवाजाची तारीफ करतात. कार्यक्रमांत माझी ओळख करून देताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते आणि मी मान खाली घालून ती ऐकून घेतो. लोक त्याला विनय समजतात. ती गोष्ट अशी: सातवीत असताना या मुलानं विहारात लाईट गेल्यावर अख्खं पान अंधारात वाचलं.

खरं असं आहे, की सातवीत मला वाचता येत नव्हतं.

अक्षरं ओळखता यायची, पण ती हातात हात धरायची नाहीत. शाळेत एक जण वाचायचा आणि बाकीचे त्याच्यामागे म्हणायचे, आणि मागे म्हणण्यात मी पहिला होतो. दोनदा ऐकलं की माझ्या तोंडी बसायचं. भोकाची पाळी आली की पोटात दुखतंय म्हणून मी घरी पळायचो. आवाज खणखणीत होता म्हणून विहार समितीच्या आबांनी त्या वर्षी वाचायला मला बसवलं. माझ्या मायला इतका आनंद झाला, की कापूस खुरपायला जाताना ती वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायची, "लेकरू वाचतंय माझं." तिला स्वतःला अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं. त्या दिवशीची पानं सकाळी माझी थोरली बहीण, अक्का, मला वाचून दाखवायची. तिला वाटायचं मी तालीम करतोय. संध्याकाळी मी ग्रंथ उघडून, बाईंना डोळे दिसणार नाहीत असा तोंडासमोर धरायचो, नजर पानाच्या मध्यावर ठेवायचो आणि म्हणायचो.

श्रावणातल्या एका संध्याकाळी लाईट गेली. नदीच्या पाण्यावरून दोन बाजूंच्या भांडणाचा भाग चालला होता. वस्तीनं वाट बघितली, तीन-चार शब्द उरतील आणि पोरगं थांबेल. मला थांबायचं असतं हे सुचलंच नाही. माझ्यासाठी उजेड आणि अंधार सारखाच होता. मी म्हणत राहिलो. पाण्याचा तंटा, दोन्हीकडची माणसं, सभेतली बोलणी, सगळं. मधे सवयीनं पानसुद्धा उलटलं. अंधारात कुणीतरी "साधू" म्हणालं, मग सगळेच म्हणाले. माझ्या मायचं रडणं मला वेगळं ऐकू आलं.

कंदील आला तेव्हा माझ्या पुढ्यात ग्रंथाचं भलतंच पान उघडं होतं. दोन-तीन पानं एकदम उलटली गेली होती. बाई पुढ्यातच होत्या. त्यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे. हात पुढे करून त्यांनी पानं माघारी सारली आणि मागे वळून वस्तीला म्हणाल्या, "पल्ला लांब हाय लेकराचा." विहार हसला. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला भोकासमोर बसवलं. पोटात दुखतंय म्हटलं. "दुखू दे," म्हणाल्या. पलीकडून भोकाला त्यांचा डोळा लागला. मग बाई म्हणाल्या, "तुझे डोळे उड्याच मारीत न्हाईत. भिंतीवरच्या पालीवानी एका जागी बसलेत." मी रडायला लागलो. मायला सांगू नका म्हणालो.

"मी कुणालाच सांगणार न्हाई. ते तुझं हाय, तूच सांगशील. पर विहारात वाचायचं सोडायचं न्हाई. रोज एक ओळ खरी वाचायची. बाकी म्हण खुशाल."

त्यांनी एका पोस्टकार्डाला खिडकी कापली, एक शब्द दिसेल एवढी. ती शब्दावर ठेवायची, थांबायचं, उचलून पुढच्यावर ठेवायची. त्या माझ्या डोळ्यांना उडी शिकवत होत्या. रोज दुपारी त्यांच्या खोलीवर मी त्या दिवशीची एक ओळ टिपून ठेवायचो, आणि संध्याकाळी विहारात ती ओळ आली की पाठ केलेलं बाजूला ठेवून खरोखर वाचायचो. ग्रंथ आता मी खाली धरायचो, त्यामुळे पुढ्यात बसलेल्या बाईंना कळायचं. माझ्या बुबुळांनी उडी मारली की त्यांची हनुवटी किंचित वर व्हायची. एकीच्या दोन ओळी झाल्या, दोनाच्या पाच.

गंमत अशी, की मी जेवढा खरा वाचू लागलो तेवढा वाईट वाचू लागलो. म्हणताना मी नदीसारखा वाहत होतो. वाचताना अडखळायचो, मागे यायचो, तोच शब्द दोनदा घ्यायचो. वस्ती चुळबूळ करायला लागली. अंधारात पान वाचणाऱ्या पोराला उजेडात ओळ वाचता येईना. माय घरी येऊन जेवेना.

"काल-परवापर्यंत कसं घडाघडा वाचत होतास. कुणाची तरी नजर लागली."

आणि नजर म्हटल्यावर नाव शोधायला कुणाला लांब जायचं नव्हतं. जी बाई पोरांच्या डोळ्यांत डोळे घालून बसते, भोकातून बघते, रोज पहिल्या रांगेत बसून माझ्यावरून नजर हलवत नाही, तिच्याशिवाय कुणाची लागणार? मायनं दार लावून माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि म्हणाली, "विहारात बोलू नको. आपल्यात हे चालत न्हाई." चार घरांनी पोरांना भोकासमोर बसायला बंदी केली.

शेवटी आबा बाईंच्या खोलीवर आले. मी तिथंच, पोस्टकार्ड हातात घेऊन बसलो होतो.

"बाई," आबा उंबऱ्यातूनच म्हणाले, "आपण नजर-बिजर मानत न्हाई. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ हायेत. पर तुमी विहारात जरा मागं बसत जा."

"मानत न्हाई तर मागं कशापायी?"

"मानत न्हाई म्हणूनच. तुमी म्होरं बसलात की बाया मानायल्यात. तुमी मागं बसलात की कुणी मानणार न्हाई."

बाई हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे. एक वाक्य बोललो असतो तरी झालं असतं. आबा, मला वाचता येत नव्हतं, बाई शिकवायल्यात. मी पोस्टकार्डाच्या खिडकीतून जमिनीकडे बघत राहिलो. ते वाक्य बाईंनीही उच्चारलं नाही, कारण ते माझं होतं. "बरं," त्या आबांना म्हणाल्या, "मागं बसते."

त्या दिवसापासून बाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ, लाईटच्या बोर्डाखाली बसू लागल्या. तिथून वाचणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत. आणि आज लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो: मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्या डोळ्यांकडे बघणारं पुढ्यात कुणी नव्हतं.

तरी बाईंनी मला सोडलं नाही. पौर्णिमा झाली, वाचन संपलं, त्या पुन्हा मानवतहून ये-जा करू लागल्या, पण सगळा हिवाळा शाळा सुटल्यावर खिडकीचं कार्ड माझ्या पुढ्यात पडायचंच. खिडकी मोठी होत गेली. एक शब्द, दोन शब्द, अर्धी ओळ. मग एके दिवशी त्यांनी कार्डच फाडून टाकलं. पुढच्या वर्षावासात मी ग्रंथ वाचला तो पहिल्या दिवसापासून खरा, आणि वस्ती म्हणाली, नजर उतरली. त्याच सुमाराला बाईंची बदली येलदरीकडे झाली. जाताना कुणी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं नाही, आणि त्यांनी तशी इच्छाही दाखवली नाही.

मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं मी त्यांची कीव करतो. बाईंची कीव करावी असं त्यांच्यात काही नव्हतं. येलदरीला त्यांनी मासे धरणाऱ्यांच्या पोरांना भोकासमोर बसवलं. जिथं गेल्या तिथं पोरं वाचायला लागली, आणि जिथं गेल्या तिथं लोकांनी त्यांना वेडं म्हटलं. या दोन गोष्टींपैकी दुसरीकडे त्यांनी कधी मान वळवली नाही. असं माणूस आमच्या वस्तीत राहून गेलं, आणि माझ्या डोळ्यांना चालायला, म्हणजे उडायला, त्यांनी शिकवलं, याचा मला जेवढा ताठा आहे तेवढा माझ्या आवाजाचा नाही.

या वर्षी वर्षावासाच्या सांगतेला वस्तीनं मला बोलावलं. सत्कार आणि शेवटच्या भागाचं वाचन. विहार आता पक्का झालाय, पांढऱ्या ट्यूब आहेत, इन्व्हर्टर आहे, लाईट जात नाही. आबा राहिले नाहीत, त्यांचा मुलगा अध्यक्ष आहे. माय पहिल्या रांगेत खुर्चीवर होती. बाई मानवतला असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून त्या आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत शेवटच्या रांगेत, दाराजवळ, बोर्डाखाली जाऊन बसल्या.

अध्यक्षांनी ओळख करून दिली. अंधारात पान वाचलेला मुलगा. टाळ्या झाल्या. माय मागे वळून वळून लोकांचे चेहरे बघत होती. ते बघून मला याही वेळी गप्प बसावंसं वाटलं. पण बाईंनी काळा चष्मा काढला होता. एवढ्या लांबून त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं, तरी त्या बघत होत्या.

मी सांगितलं. मी वाचत नव्हतो, म्हणत होतो. वाचायला बाईंनी शिकवलं, म्हणून अडखळलो. नजर लागली नव्हती, नजर चालायला लागली होती. आणि बाईंना मागं बसवलं तेव्हा मी तिथं होतो, आणि गप्प होतो.

सगळे माझ्या मायकडे बघत होते.

"म्हंजे माझ्या मीठ-मोहऱ्या वायाच गेल्या की," ती म्हणाली. बायांत हसू फुटलं. आपल्यात हे चालत नाही हे ती विसरली होती, की मुद्दाम सगळ्यांपुढे बोलली, मला माहीत नाही. मग ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "बाई, म्होरं या. तिथून डोळे दिसत न्हाईत."

"येते," बाई म्हणाल्या. "आधी वाचू द्या त्याला."

त्यांनी पिशवीतून त्या दिवशीचा पेपर काढून पुढे धाडला. तो हातोहात माझ्यापर्यंत आला. मधोमध भोक होतं. ग्रंथातलं मला अजून पाठ असेल हे त्यांना माहीत होतं. मी पहिली दिसेल ती बातमी मोठ्यानं वाचायला घेतली.

"येलदरी धरणातून..."

खट्. बाईंनी बोर्डावरचं मुख्य बटण दाबलं होतं. सगळ्या ट्यूब एकदम विझल्या.

"...रब्बीसाठी पाणी सोडावं अशी मागणी," माझ्या तोंडून गेलं, आणि मी थांबलो. पुढे काही नव्हतं. कुणाची मागणी, कुणाकडे, मला काही माहीत नव्हतं.

"पाच," अंधारातून बाई म्हणाल्या.

पहिल्या रांगेतून मायचा आवाज आला, जरा घाबरलेला. "गप का झालास रे?"

"अंधार हाय, माय," बाईंनीच उत्तर दिलं. "वाचणाऱ्याला अंधारात दिसत न्हाई."

बटण दाबायची घाई कुणी केली नाही.